गाडीवरचे खुशालभाऊ

नाव : श्री. खुशाल डोमाजी उंदिरवाडे. वय अडुसष्ट. राहणार मौजा कोसमटोला, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर. बांधा सडपातळ, उंची मध्यम, रंग सावळा. ओळखीची खूण : डाव्या हाताचे कोपर उजव्यापेक्षा ठळकपणे काळे. सदर इसम ऊर्जानगर येथील वीज केंद्रात एकतीस वर्षे मोठ्या साहेबांच्या गाडीवर कार्यरत होते. शीघ्रगती वाहनांविषयी त्यांचा अनुभव प्रदीर्घ व निर्विवाद असून स्वतःच्या मालकीची कॉन्टेसा मोटार (मूळ रंग पांढरा, सध्याचा रंग पांढरट) ते आजतागायत बाळगून आहेत. संपूर्ण सेवाकाळात त्यांच्या हातून एकही अपघात झालेला नाही. सबब, यंदाच्या शंकरपटात ज्येष्ठ व अनुभवी धुरकरी म्हणून त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येत आहे.

हा मजकूर कोसमटोल्याच्या शंकरपट समितीने माईकवरून वाचण्यासाठी तयार केला होता. धान निघालं की रिकाम्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, बैलांच्या जोड्या पळवायच्या, त्याला शंकरपट म्हणतात, आणि जोडी हाकणाऱ्याला धुरकरी. बैलांच्या पटातल्या सत्काराच्या मजकुरात मोटार कशी शिरली, याला कारण झालं.

आधी ‘गाडीवर’ या शब्दाचं पाहू. आमच्या भागात माणूस काय करतो असं विचारलं, तर तो कशावर आहे याचं उत्तर मिळतं. कोणी ट्रकवर आहे, कोणी कोळशावर, कोणी राईस मिलवर. त्याच्या पलीकडे चौकशी करणं बरं दिसत नाही. खुशालभाऊ साहेबांच्या गाडीवर होते. कामावरून सुटीला गावी आले की कडक इस्त्रीचा खाकी पोशाख असायचा. गावाने पोशाख पाहिला, ‘गाडीवर’ ऐकलं आणि विषय संपवला.

साहेब लोकांना नव्या गाड्या आल्या तेव्हा जुन्यांचा लिलाव झाला. खुशालभाऊंनी कॉन्टेसा घेतली आणि ती गावात ट्रॅक्टरला बांधून आणली. स्वतः आत बसले होते. गाडी चांगली चालू असताना ट्रॅक्टर कशाला, असं लटारू मोहुर्ले यांनी विचारलं. लटारूभाऊ म्हणजे पट समितीचे अध्यक्ष; विचारणं हे त्यांचं पद आहे.

“का गा खुशालभाऊ, चालत नाई का ते?”

“चालते ना बापा. पण नवी बायको आन् जुनी गाडी पायी नाई आणत.”

हे उत्तर गावाला इतकं आवडलं की प्रश्न मागे पडला तो पडलाच.

गाडी कोठ्यात, म्हणजे बैलांच्या गोठ्यात, लागली. कोठा एका जोडीपुरता, म्हणजे एका कॉन्टेसापुरता. त्यासाठी बैल विकले गेले. चाकांखाली पुढून-मागून दगड आले. डिक्कीत खुशालभाऊंच्या बायकोने, बायनाबाईंनी, कोंबड्या बसवल्या. अंडी उबवायला अशी निवांत जागा पंचक्रोशीत दुसरी नाही, असं त्या आजही सांगतात. मागच्या सीटवर साहेबांचा पांढरा टॉवेल होता तसाच आहे. खुशालभाऊ तो दर रविवारी धुतात, वाळवतात आणि पुन्हा सीटवर घालतात. रोज संध्याकाळी ते गाडीत जाऊन बसतात. पुढे, डाव्या बाजूला, कारण उजवीकडची सीट उसवली आहे. कोपर खिडकीतून बाहेर काढून ते समोरच्या भिंतीकडे पाहतात. भिंतीवर गोवऱ्या आहेत.

“काय पिकअप होता या गाडीले,” असं ते अधूनमधून म्हणतात. कोणी विचारलेलं नसतं.

त्यांचा मुलगा प्रफुल पुण्याला कंपनीत आहे. जानेवारीत तो पटासाठी गावी आला तो नवीन गाडी घेऊन. लाल रंग, टायर पापडासारखे पातळ, छत काचेचं. गाडी इतकी बुटकी की गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकावर ती होडीसारखी टेकली आणि चार जणांनी उचलून अलीकडून पलीकडे ठेवली. उचलणाऱ्यांत खुशालभाऊ नव्हते. ते बाजूला उभे राहून “सावकाश, सावकाश” म्हणत होते.

खरं भांडण काचेच्या छतावरून लागलं. दिवाळीत प्रफुल मित्राच्या अशाच गाडीतून आला होता, तेव्हा एक वानर छतावर येऊन बसलं होतं आणि आत वाकून त्याच्याकडे बराच वेळ बघत होतं. तेव्हापासून प्रफुलने ठरवलं होतं की स्वतःची गाडी उघड्यावर लावायची नाही.

“बाबा, कोठा खाली करा. त्या डब्याले मूलच्या भंगारवाल्याले देऊन टाकू.”

“डबा कोणाले म्हनतं?”

“उभीच तर आहे! माझी गाडी झिरो ते शंभर सात सेकंदात जाते. सात!”

“आन् शंभरवर जाऊन कुठी जाते? मूलच्या रस्त्याले पुढं धानाचा ट्रक. चंद्रपूरच्या रस्त्याले पुढं कोळशाचा ट्रक. दोन्ही रस्त्याले मधात वाघ.”

“तीन मोड आहेत तिच्यात. इको, नॉर्मल, स्पोर्ट.”

“आमच्या गाडीले दोन होते. साहेब बसलेले आन् साहेब उतरलेले.”

प्रफुलने मग शेवटचं शस्त्र काढलं. गाडी सुरू केली, बटण दाबलं आणि अंगणात असा काही गुरगुराट झाला की डिक्कीतल्या कोंबड्या बाहेर आल्या. बायनाबाईंनी विचारलं, एवढं लहान इंजिन एवढं कसं बोंबलते. प्रफुल खोटं बोलणारा मुलगा नाही. त्याने सांगितलं की इंजिन तसं शांतच आहे. हा आवाज स्पीकरमधून येतो, जुन्या गाड्यांसारखं वाटावं म्हणून.

खुशालभाऊंनी वाकून लाल गाडीच्या बॉनेटला कान लावला.

“म्हंजे गाडी नाई बोंबलत. टेप बोंबलते.”

“टेप नाही बाबा, सिस्टीम आहे.”

“माझी चूप बसून खरी हाय. तुही बोंबलून खोटी.”

हे सगळं लटारूभाऊ कुंपणापाशी उभे राहून ऐकत होते. त्यांच्यापुढे त्या आठवड्यात मोठा पेच होता. तालुक्यात गुरांवर लम्पीची साथ आली होती आणि जनावरं एकत्र आणायला बंदी झाली होती. इकडे मंडप ठरला होता, बांधीतलं ढेकूळ फोडून झालं होतं, गावोगावच्या लेकी-जावयांना निरोप गेले होते, नाटक कंपनी ठरली होती. बैल सोडून पटाची सगळी तयारी होती.

“भांडता काऊन?” ते कुंपणावरून म्हणाले. “पटात उतरवा दोघी. गाडीले काही लम्पी होत नाई.”

तिथल्या तिथे ठरलं. ज्याची गाडी पुढे त्याचा कोठा. कॉन्टेसा हरली तर सोमवारी भंगारवाला येणार.

“बाबा, तुमची तुम्ही चालवा, माझी मी चालवतो,” प्रफुल म्हणाला.

खुशालभाऊ “हो” म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात धरून भिंतीकडे पाहत बसले. बायनाबाईंनी विचारलं, “काय होऊन राह्यलं तुमाले?” ते म्हणाले, “पित्त.” तिसऱ्या दिवशी ते उठून लटारूभाऊंकडे गेले. ओसरीवर बसून दोघांनी चहा घेतला आणि जुन्या पटांच्या गोष्टी केल्या. कोणत्या साली कोणाची जोडी कशी फुटली, कोणी नियम मोडला, कोणाला बाद केलं. परत आले ते भूक घेऊनच आले.

त्याच संध्याकाळी लटारूभाऊंनी पत्रूला बोलावून गावात दवंडी दिली. पत्रू हा गावचा माईकवाला. माईक नसला तरी त्याचा आवाज तोच असतो. दवंडी अशी होती, की पट कोणाचाही असो, बैलाचा का मोटारीचा, नियम वाडवडिलांचेच चालतील. पटात जोडी धावते. एकटं जनावर धावत नाही. आणि जोडीला धुरकरी एकच असतो.

प्रफुल धावतच आला.

“काका, मग शर्यत कोणाशी?”

“तुमची जोडी आन् दुसरी जोडी.”

“दुसरी कुठं आहे?”

“नाई आली तर तुमी बिनविरोध.”

“आणि आमची पैज? कोण पुढे ते कसं कळणार? दोन्ही एकाच जुवात!”

लटारूभाऊंनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. “पोरा, जोडीत कोणता बैल जोर लावून राह्यला ते मले बारक्यापासून दिसते. तू धुरकरी हो. तुहा बाप बाजूले बसंल.”

“तरण्याले पुढं करावं,” खुशालभाऊ म्हणाले. “माहं काय, मी बसतो बाजूले.” गावाला हा त्यांचा मोठेपणा वाटला आणि सत्काराचा विचार पहिल्यांदा तिथेच निघाला.

राहता राहिला कायदा. पटाच्या नियमात होतं की प्रत्येक सहभागी जनावर पशुवैद्यकीय डॉक्टरांनी तपासलेलं असावं. लटारूभाऊ नियमाच्या बाबतीत फार हळवे आहेत. पटाच्या सकाळी त्यांनी डॉक्टर खुशबू मॅडमना बोलावणं पाठवलं. मॅडम नव्यानेच बदलून आलेल्या, साथीमुळे आठवडाभर गोठ्यागोठ्यातून फिरून थकलेल्या. त्यांनी दोन्ही गाड्या पाहिल्या आणि पिशवी खाली ठेवली.

“ह्या मोटारी आहेत.”

“हो मॅडम.”

“मी काय तपासू?”

“जनावर समजून तपासा. आपल्याकडून कमी नाई राहाले पायजे.”

बहुधा मॅडमच्या लक्षात आलं की वाद घालण्यापेक्षा तपासणं लवकर होईल. लाल गाडीच्या बॉनेटवर त्यांनी हात ठेवला. प्रफुलने नुकतंच इंजिन चालू करून पाहिल्यामुळे ते गरम होतं. “ताप आहे.”

“पुण्याहून आली मॅडम,” प्रफुलच्या आधी लटारूभाऊच म्हणाले.

गाडीच्या नाकासमोर जाळी नव्हती, गुळगुळीत प्लास्टिक होतं. “दात नाहीत,” मॅडम म्हणाल्या. लटारूभाऊंनी मान डोलावली. अजून यायचे आहेत, म्हणजे वय कोवळं. कॉन्टेसाच्या जाळीतल्या दोन पट्ट्या पडलेल्या होत्या. “उतारवय,” मॅडम म्हणाल्या. खाली वाकून त्यांनी मातीवरचा काळा डाग पाहिला.

“हिला हगवण आहे.”

“ऑइल हाय ते मॅडम,” खुशालभाऊ दुखावून म्हणाले.

“मग पाणी पाजत राहा,” असं सांगून मॅडम पुढच्या गोठ्याकडे गेल्या. लम्पीची लक्षणं दोघींतही नव्हती.

दुपारी बांधीच्या दोन्ही धुऱ्यांवर, म्हणजे कडेच्या बांधांवर, माणसांची गर्दी उसळली होती. बैल नसलेला पट पाहायला बैल असतात तेव्हापेक्षा जास्त माणसं आली होती. ट्रॅक्टरने कॉन्टेसा ओढत आणली, रेषेवर उभी केली आणि ट्रॅक्टरवाल्याने सवयीप्रमाणे चाकांखाली पुढून-मागून दगड लावले. तिच्या डाव्या हाताला लाल गाडी. दोघींच्या तोंडावर बैलांचं जू आडवं ठेवून नाड्यांनी करकचून बांधलं. प्रफुलने रंगाला चरा पडू नये म्हणून मध्ये आईची गोधडी घातली. लाल गाडीने जू पाहिल्याबरोबर टूं टूं करायला सुरुवात केली; तिच्या मते समोर अडथळा होता. प्रफुलने तिच्या सगळ्या सूचना एकेक करून बंद केल्या.

“बाबा, गाडी चालू तरी करा,” तो खिडकीतून ओरडला.

खुशालभाऊ कॉन्टेसात बसले होते. पुढे, डावीकडे. खाकी पोशाख घातला होता, कोपर बाहेर होतं. मागच्या सीटवर धुतलेला टॉवेल होता.

“जोडीत एक भडकला की दुसरा आपोआप निघते,” ते म्हणाले. लटारूभाऊंनी यावर मान डोलावली. बैलांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे.

पत्रूने माईक तोंडाजवळ घेतला. “मंडळी, जोडी रेषेवर! उजवा बैल ऊर्जानगरचा, डावा बैल पुन्याचा! धुरकरी प्रफुल! शेपटी कोणी पिरगाळू नोका, कायद्यानं बंदी हाय!”

निशाण पडलं. लाल गाडी स्पोर्टमध्ये होती. स्पीकरमधून सिंहासारखा आवाज निघाला, पापडासारख्या टायरांनी बांधीची माती आभाळात उडवली आणि गाडी सुटली. कॉन्टेसा सुटली नाही. तिच्या चाकांखाली दगड होते. जू काही तुटलं नाही. ते गावातल्या सुताराने साजाच्या कठीण लाकडाचं केलेलं होतं. मग लाल गाडीला जाता येईल अशी एकच दिशा उरली. ती उजवीकडे वळली, कॉन्टेसाच्या नाकाशी जू कुरकुरत फिरलं, तिचा पुढचा बंपर एका बाजूने सुटून जुवासकट बॉनेटवर चढला, नाड्याचा पीळ सैल होऊन लांबला आणि लाल गाडी कॉन्टेसाभोवती गोल फिरू लागली.

धुळीत प्रफुलला काही दिसत नव्हतं. त्याला वाटत होतं की आपण सरळ चाललो आहोत आणि गाव फार मोठं झालं आहे.

दोन फेऱ्या लोक नुसत्या माना फिरवत होते. तिसऱ्या फेरीला एक म्हातारी म्हणाली, “अवो, हे तं मळणी होऊन राह्यली.”

पत्रूने ते माईकवर उचललं. “मंडळी, पट नाई, मळणी! मळणी सुरू झाली!” आणि खरोखरच दुसरं काही नव्हतं. खळ्यात मधोमध तिवडा म्हणजे खांब रोवलेला असतो आणि त्याला बांधलेले बैल भोवती फिरत धान तुडवतात. तिवडा कोण हे सांगायची गरज नव्हती. बायनाबाई आलेली संधी चुकवणाऱ्या बाई नव्हेत. त्यांच्या घरी थोडे भारे मळायचे राहिले होते. त्यांनी ते आणवून गोलात फेकले. शेजारणींनीही आपापले आणले. पुण्याची गाडी स्पोर्ट मोडमध्ये धान मळू लागली, आणि जुने लोक सांगतात त्याप्रमाणे, चांगली मळत होती.

या सगळ्या वेळात खुशालभाऊ हलले नाहीत. समोर नजर, कोपर खिडकीबाहेर. दर फेरीला लेकाची गाडी समोरून जायची तेव्हा ते मान किंचित झुकवायचे. एकतीस वर्षं साहेबांच्या गाडीला गेटवरचे लोक सलाम ठोकायचे तेव्हा ते अशीच मान झुकवत असत. सलाम साहेबांना असायचा, पण साहेब पेपर वाचत असायचे.

शेवटी लाल गाडी स्वतःच थांबली. आवाज बंद झाला. पडद्यावर लिहून आलं की जवळच्या सेवा केंद्राशी संपर्क साधावा. जवळचं सेवा केंद्र नागपूरला होतं. प्रफुल बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर भुसा होता.

लटारूभाऊ धुऱ्यावरून खाली उतरले. कोठ्याचा निकाल लागायचा होता.

“पटात नंबर आला नाई,” ते म्हणाले. “पण काम झालं, ते मी नाई म्हननार नाई. खळ्यात म्हातारा बैल तिवड्यापाशी राह्यते, तरणा बाहेरच्या अंगाले. बाहेरच्याले पळा लागते. आतल्याले टिका लागते. दोघांनीबी आपापलं केलं. आता कोठा. तरणा बैल बाहेर बांधला तं काही होत नाई. म्हातारा थंडीत मरते. कोठा म्हाताऱ्याचा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रफुलने वाद घातला नाही. त्याची गाडी तशीही ट्रकवर चढून नागपूरला जायची होती, आणि ट्रकवर वानरं येत नाहीत असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. भुवया झटकून तो बापापाशी आला.

“जिंकलात बाबा. मानलं. पण आता एक करा. कोठ्यापर्यंत तरी स्वतः चालवत न्या. मी लहानपणापासून ऐकतो, काय पिकअप, काय पिकअप. एकदा दाखवा ना.”

“हो, हो, दाखवा खुशालभाऊ!” धुऱ्यावरून कोणी ओरडलं. मग सगळेच ओरडले. ट्रॅक्टरवाल्याने चाकांखालचे दगड काढले. कोणीतरी कॉन्टेसाचं उजवीकडचं दार उघडून धरलं.

खुशालभाऊंनी त्या उघड्या दाराकडे पाहिलं. नंतर बायनाबाईंकडे पाहिलं. बायनाबाई धान पाखडत होत्या. त्यांनी सूप न थांबवता मंडपाकडे मान केली.

“पत्रू,” त्या म्हणाल्या, “सत्काराचं राह्यलं ना बापा? मुहूर्त चुकून राह्यला.”

सत्काराला मुहूर्त नसतो आणि या घरात मुहूर्त कोणी पाळतही नाही, पण पत्रूच्या हातात माईक होता आणि खिशात मजकूर होता. त्याने घसा साफ केला आणि संपूर्ण मजकूर वाचला. प्रदीर्घ व निर्विवाद अनुभव, एकतीस वर्षे गाडीवर, हातून एकही अपघात नाही. ‘ज्येष्ठ व अनुभवी धुरकरी’ या शब्दांवर त्याने आवाज इतका चढवला की भोंगा चिरकला. लटारूभाऊंनी शाल घातली. खुशालभाऊंच्या दोन्ही हातांत नारळ आला. दोन्ही हातांत नारळ असलेल्या माणसाला कोणी गाडी चालवायला सांगत नाही.

“बाबा, तुमच्या डोळ्यांत पाणी?” प्रफुलने विचारलं.

“भुसा गेला,” खुशालभाऊ म्हणाले.

बायनाबाईंनी ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. त्याने दोर बांधला. खुशालभाऊ शाल सावरत गाडीभोवती वळसा घालून डावीकडे आले, दार उघडून बसले, एकतीस वर्षं साहेबांची बॅग घ्यायचे तसा नारळ मांडीवर घेतला आणि कोपर बाहेर काढलं. ट्रॅक्टर निघाला. वाटेत ज्यांनी ज्यांनी हात जोडले त्यांना त्यांनी मान झुकवून उत्तर दिलं. कोठ्यात गाडी लागली, चाकांखाली दगड आले, कोंबड्या डिक्कीत परतल्या.

खुशालभाऊंना गाडी चालवता येत नाही.